आधी गुरगुर, मग हादरा

विद्यार्थी मित्रांनो, ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. पण लातूर, धाराशिव किंवा नांदेड जिल्ह्यातल्या कोणत्याही घरी जा आणि वडीलधाऱ्या माणसांजवळ ती तारीख काढा. त्या पहाटे आपण कोठे झोपलो होतो हे त्यांना अजून आठवत असते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे गणपती विसर्जित करून लोक रात्री उशिरा घरी परतले होते आणि गाढ झोपेत होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. भूकंपाची महत्ता सुमारे ६.२ होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील अनेक गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात सांगितला जातो.

आम्ही तेव्हा लातूर शहरात राहत होतो. मी सातवीत होतो. मी, धाकटा भाऊ आणि आजी एकाच खोलीत झोपलो होतो. आजीच्या आवाजाने मला जाग आली. ती म्हणत होती, “एवढ्या राती कोण दळायलंय गं बाई?” खरोखरच, दूर कोठे तरी मोठे जाते फिरावे तशी घरघर जमिनीतून येत होती आणि मांडणीवरची भांडी बारीक थरथरत होती. आजीचे वाक्य पुरे होते न होते तोच दुसरा हादरा आला. हा मात्र अगदी निराळा होता. खाट आडवी हलली, खुंटीवरचा कंदील झुलू लागला आणि भांडी धडाधड खाली आली.

भूकंप एकच, मग त्याची ही दोन रूपे कशी? आधी गुरगुर आणि मग हादरा असेच का? आणि त्या दोहोंच्या मध्ये आजीचे एक वाक्य बसेल एवढा वेळ कोठून आला? या प्रश्नांची उत्तरे मला पुढे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकताना मिळाली. त्यासाठी फार अवघड गणित लागत नाही. तुमच्या पाठ्यपुस्तकातील तरंग आणि गतीचे नियम पुरेसे आहेत. चला तर, एकेक पायरी चढत जाऊ.

लाट पुढे जाते, पाणी नाही

हिवाळ्यात ज्वारीचे पीक कमरेच्या वर आलेले असते. वाऱ्याची झुळूक आली की शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत एक लाट धावत जाते. पण ज्वारीचे एक तरी ताट आपली जागा सोडून त्या बांधाकडे गेले काय? नाही. प्रत्येक ताट जागच्या जागी वाकले आणि पुन्हा सरळ झाले. पुढे गेले ते फक्त वाकणे.

नांदेडला गोदावरीच्या घाटावर उभे राहून संथ पाण्यात खडा टाका. वर्तुळाकार तरंग पसरत जातात. पाण्यावर एखादे पान तरंगत असेल तर त्याच्याकडे लक्ष द्या. तरंग खालून निघून जातो. पान मात्र किंचित पुढेमागे आणि वरखाली होऊन जवळजवळ तेथेच राहते.

याला तरंगगती म्हणतात. माध्यमाचे कण आपापल्या जागेच्या आसपास आंदोलने करतात. एक कण शेजारच्या कणाला हलवतो, तो त्याच्या पुढच्याला हलवतो आणि अशा रीतीने ऊर्जा पुढे सरकते. कण आपल्या जागेपासून जास्तीत जास्त जितका दूर जातो त्या अंतराला आयाम म्हणतात, आणि एका सेकंदात तो जितकी आंदोलने करतो तिला वारंवारता म्हणतात. किल्लारीची माती लातूरला आली नाही, किल्लारीचा खडकही आला नाही. आली ती फक्त ऊर्जा, आणि ती आमच्या मांडणीपर्यंत पोहोचली.

ही ऊर्जा निघाली कोठून? जमिनीखालील खडकावर बाजूने प्रचंड दाब येत असतो. खडक वर्षानुवर्षे थोडा थोडा दाबला जातो, जणू हातात वाकवलेली लवचीक फांदीच. सहनशक्ती संपली की खडकातील एखाद्या जुन्या भेगेवर दोन्ही बाजूंचे खडक एकदम सरकतात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. हे जेथे घडते त्या खोल जागेला भूकंपनाभी म्हणतात, आणि तिच्या अगदी वर, जमिनीवर असलेल्या ठिकाणाला अपिकेंद्र म्हणतात. किल्लारीची भूकंपनाभी उथळ होती. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती १० किलोमीटरच्या आतच होती.

मग ही भेग आधी कोणाला दिसली कशी नाही? आपल्या मराठवाड्यावर काळ्या बेसाल्ट खडकाचे जाड पांघरूण आहे. भूकंपानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा तेथील बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. त्याच्या खाली फार प्राचीन खडक आहेत. त्यांतील भेगा या पांघरुणाखाली झाकलेल्या असतात. म्हणूनच आपला प्रदेश कातळाचा, येथे भूकंपाचे भय नाही, असा सर्वांचा समज होता. देशाच्या तेव्हाच्या भूकंपविषयक नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविलेला होता.

दोन जातींच्या लहरी

पूर्णा जंक्शनवर उभी असलेली मालगाडी तुम्ही पाहिली असेल. इंजिन येऊन पहिल्या डब्याला धडकते. तो डबा थोडा मागे सरकून दुसऱ्याला धडकतो, दुसरा तिसऱ्याला. ‘खाड् खाड् खाड्’ असा आवाज शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो. येथे धक्का ज्या दिशेने जातो त्याच दिशेत प्रत्येक डबा पुढेमागे हलतो. अशा तरंगाला अनुतरंग म्हणतात. ध्वनी हा अनुतरंगच आहे.

आता बैलाचा कासरा घ्या. एक टोक खांबाला बांधा, दुसरे हातात धरून ताणा आणि हाताला एक झटका आडवा द्या. वळवळणारा बाक दोरीवरून खांबाकडे धावत जातो. येथे तरंग खांबाकडे जातो, पण दोरीचा प्रत्येक भाग त्याच्या काटकोनात हलतो. हा अवतरंग.

खडक सरकला की या दोन्ही जातींच्या लहरी एकाच क्षणी निघतात. काही खडकाला दाबत आणि सैल करत जातात, त्या अनुतरंग. काही खडकाचा आकार तिरपा करत, त्याला आडवे हलवीत जातात, त्या अवतरंग. आता तुम्हीच विचार करा. एखादा दगड दाबून लहान करणे अधिक कठीण की त्याचा आकार किंचित तिरपा करणे? खडकाचा दाबाला होणारा विरोध अधिक असतो. माध्यम जितक्या जोराने पूर्वस्थितीत येऊ पाहते तितका तरंग वेगाने जातो. म्हणून अनुतरंग नेहमी पुढे असतात. ढोबळ मानाने सांगायचे तर आपल्याकडील खडकातून अनुतरंग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जातात, तर अवतरंग सुमारे ३.५ किलोमीटर. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, हे ध्यानात घेतले तर खडकातला हा निरोप केवढा वेगवान आहे याची कल्पना येईल.

आधी येणाऱ्या लहरींना प्राथमिक लहरी आणि मागून येणाऱ्यांना दुय्यम लहरी म्हणतात. नावावर जाऊ नका. दुय्यम लहरी मागून येतात, पण त्यांचा आयाम सहसा मोठा असतो आणि त्या जमीन आडवी हलवतात. यांच्याही मागून जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या भूपृष्ठ लहरी येतात. जमिनीतून वर आलेल्या प्राथमिक लहरींची थोडी ऊर्जा हवेत शिरते आणि कानाला गुरगुर ऐकू येते. आजीला ऐकू आलेले जाते म्हणजे या प्राथमिक लहरी होत्या. कंदील झुलवला तो दुय्यम लहरींनी.

सेकंद मोजा, किलोमीटर मिळवा

पावसाळ्यात वीज चमकली की तुम्ही ‘एक, दोन, तीन’ असे मोजता काय? प्रकाश क्षणार्धात येतो, गडगडाट मागून येतो. दोहोंतील अंतर जितके जास्त सेकंदांचे तितकी वीज लांब. भूकंपाच्या बाबतीतही हीच युक्ती चालते.

समजा, लातूरहून नांदेडकडे एकाच वेळी दोन गाड्या सुटल्या, एक जलद आणि एक साधी. अहमदपूरला जलद गाडी थोडीच आधी पोहोचेल. लोह्याला ती आणखी आधी पोहोचेल, आणि नांदेडला तर तिचे प्रवासी घरी जाऊन चहा घेत असतील तेव्हा साधी गाडी येईल. अंतर वाढले की दोन गाड्यांमधला वेळ वाढतो. प्राथमिक आणि दुय्यम लहरींचेही तसेच आहे.

हिशेब करू. प्राथमिक लहरींना १ किलोमीटर जाण्यास १ ÷ ६ = ०.१६७ सेकंद लागतो. दुय्यम लहरींना १ ÷ ३.५ = ०.२८६ सेकंद लागतो. म्हणजे दर किलोमीटरला दुय्यम लहर ०.११९ सेकंद मागे पडते. मग ती एक पूर्ण सेकंद मागे पडण्यास किती अंतर हवे? १ ÷ ०.११९ = ८.४ किलोमीटर. यावरून सोपा नियम मिळाला:

भूकंपाच्या उगमापासूनचे अंतर (किलोमीटर) = ८.४ × दोन लहरींमधील काळ (सेकंद)

किल्लारी लातूरपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर आहे. ४० ला ८.४ ने भागा. उत्तर येते जवळजवळ पावणेपाच सेकंद. “एवढ्या राती कोण दळायलंय गं बाई?” हे वाक्य झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाने म्हणावे त्या गतीने म्हणून पाहा आणि घड्याळ लावा. जाग येण्याचा क्षण धरून तेवढाच वेळ लागतो! नांदेड किल्लारीपासून सुमारे १४० किलोमीटर आहे. तेथे हे अंतर १७ सेकंदांच्या आसपास असणार.

आता किल्लारीचा विचार करा. तेथे भूकंपनाभी पायांखाली, दहा किलोमीटरच्या आत. ८.४ ने भागल्यावर उरतो जेमतेम एक सेकंद. झोपलेल्या माणसाला एका सेकंदात काय करता येईल? कूस बदलण्याइतकाही तो वेळ नव्हे.

शिवाय अंतराबरोबर जोरही घटतो. नाभीतून निघालेली ऊर्जा वाढत्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरत जाते. अंतर चौपट झाले की गोलाचे क्षेत्रफळ सोळापट होते, म्हणजे तेवढ्याच जागेच्या वाट्याला ऊर्जेचा सोळावा हिस्सा येतो. वाटेतील खडकही काही ऊर्जा शोषून घेतात. आमची भांडी पडली आणि भिंतीला तडे गेले, पण घर उभे राहिले, त्याचे मोठे कारण हे चाळीस किलोमीटर.

तीन वर्तुळांचे गणित

वेधशाळेतील भूकंपमापक यंत्रात जड वजन टांगलेले असते. जमीन हलते, तिच्याबरोबर यंत्राची चौकट हलते, पण वजन जडत्वामुळे जागीच राहू पाहते. दोहोंमधील फरकाची नोंद होते. त्या नोंदीवर आधी बारीक थरथर दिसते आणि काही सेकंदांनी मोठी रेघोटी दिसू लागते. त्या दोहोंमधील काळ मोजला की अंतर कळते. पण दिशा? ती एका ठिकाणच्या नुसत्या अंतरावरून कळत नाही.

शाळेतील भारताचा नकाशा घ्या. समजा, दोन लहरींमधील काळ पुण्यास ३४.५ सेकंद, नागपुरास ५१ सेकंद आणि बंगळूरला ६८ सेकंद आला. (ही मापे मी नकाशावरील अंतरांवरून उलट हिशेबाने काढली आहेत.) ८.४ ने गुणले की अंतरे मिळतात सुमारे २९०, ४३० आणि ५७० किलोमीटर. नकाशाच्या प्रमाणानुसार कंपासमध्ये ही अंतरे घेऊन त्या त्या शहराभोवती वर्तुळे काढा. पुण्याचे एकटे वर्तुळ सांगते की भूकंप या परिघावर कोठे तरी झाला. दोन वर्तुळे एकमेकांना दोन बिंदूंत छेदतात. तिसरे वर्तुळ त्यांपैकी एकाची निवड करते. तुमची पेन्सिल नीट चालली असेल तर तिन्ही वर्तुळे जेथे जवळ येतील तेथे लातूर जिल्ह्याचा दक्षिण भाग सापडेल. कोणी त्या जागी न जाता, नुसते सेकंद मोजून! तरंगांचे शास्त्र हे असे उपयोगी पडते.

मग एवढी माणसे का गेली?

आता लहरींकडून गतीकडे वळू. किल्लारीपेक्षा मोठे भूकंप जगात दर वर्षी होतात आणि कित्येकदा त्यांत फारशी प्राणहानी होत नाही. मग येथेच असे का घडले?

एस. टी. उभी असते, तुम्ही आत उभे असता. ड्रायव्हरने एकदम गाडी सुरू केली तर तुम्ही मागे झुकता. पाय गाडीबरोबर पुढे जातात, धड जडत्वामुळे मागे राहू पाहते. हा न्यूटनचा पहिला नियम. भूकंपात घराची गत तुमच्यासारखीच होते. पाया म्हणजे पाय, छप्पर म्हणजे डोके. जमीन आडवी सरकते, पाया तिच्याबरोबर जातो, पण वरचे छप्पर जागीच राहू पाहते. त्याला ओढून आपल्याबरोबर नेण्याचे काम भिंतींवर येते. आणि किती बल लागेल ते न्यूटनचा दुसरा नियम सांगतो: बल = वस्तुमान × त्वरण.

आपल्याकडील जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी त्यावर आणखी माती टाकायची. समजा, खोली ३ मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे आणि मातीचा थर अर्धा मीटर जाड आहे. मातीचे घनफळ झाले साडेचार घनमीटर. एका घनमीटर मातीचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम धरले तर एकूण ७२०० किलोग्रॅम. म्हणजे झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर सात टनांहून अधिक माती!

जमिनीचे त्वरण दर सेकंदाला सेकंदास २ मीटर एवढे धरू. बल = ७२०० × २ = १४,४०० न्यूटन. हे बल जवळजवळ दीड टन वजनाइतके आहे. तीन दणकट बैल भिंतीच्या माथ्यावर आडवे रेटत आहेत अशी कल्पना करा, आणि तेही एका सेकंदात अनेकदा इकडून तिकडे दिशा बदलून. त्याच खोलीवर पत्रे असते तर? पत्रे आणि त्यांचा सांगाडा मिळून १०० किलोग्रॅम धरू. बल फक्त २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो वजनाइतके.

भिंतींची बाजूही पाहा. त्या दोन-अडीच फूट जाड, ओबडधोबड दगडांच्या आणि मातीत बांधलेल्या असत. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असे वाटते ना? पण जाडी वाढली की वस्तुमान वाढते, आणि वस्तुमान वाढले की तिच्यावर येणारे बलही वाढते. त्यातच भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी रचून मध्ये दगडगोटे व माती भरलेली असे. दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारे लांब दगड बहुधा नसत. वरचे वजन खाली दाबत असेपर्यंत अशी भिंत शंभर वर्षे उभी राहते. पण आडव्या रेट्याला धरून ठेवण्याची ताकद मातीच्या सांध्यात नसते. दोन्ही बाजू फुगल्या, सुट्या झाल्या, दगड कोसळले आणि मागोमाग सात टनांचे माळवद खाली आले. काही घरांत माळवद लाकडी खांबांवर तोललेले होते. तेथे भिंती ढासळूनही खांब उभे राहिल्याचे पाहणीत आढळले.

आपले पूर्वज अडाणी होते, असे मात्र म्हणू नका. दगड आणि माती गावातच मिळत. लाकूड आणि सिमेंट महाग. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो तेव्हा माळवदाच्या घरात किती गार वाटते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना विचारा. उन्हाला आणि चोराला पुरून उरणारे ते घर होते. आडव्या लहरीचा विचार त्यात नव्हता, कारण ती लहर त्यांच्या आठवणीत कधी आलीच नव्हती.

करून पाहा

एक पाट घ्या. त्यावर मळलेल्या चिकण मातीचे चार गोळे चौकोनात चिकटवा. त्यांत उदबत्तीच्या चार सारख्या काड्या उभ्या खोचा आणि वरच्या टोकांवर मातीनेच एक पुठ्ठा बसवा. शेजारी असेच दुसरे घर करा. मात्र त्याच्या पुठ्ठ्यावर मातीचा जाड थर थापा. आता पाट दोन्ही हातांनी धरून आडवा पुढेमागे हलवा, आधी हळू, मग जलद.

दोन गोष्टी दिसतील. जड माथ्याचे घर अधिक वाकेल आणि आधी मोडेल. दुसरे म्हणजे, ते हलक्या घरापेक्षा सावकाश झुलेल. प्रत्येक वस्तूची झुलण्याची आपली एक वारंवारता असते. झोक्याला त्याच्याच तालावर हलके धक्के दिले तर तो उंच जातो, तसेच पाटाच्या हलण्याची वारंवारता घराच्या वारंवारतेशी जुळली की घर फार जोरात हलते. याला अनुनाद म्हणतात. एका विशिष्ट गतीने पाट हलवताना दोन घरांपैकी एकच जास्त का नाचते, ते यावरून समजेल.

नंतर जड घराच्या चारही काड्यांना, वरच्या टोकाशी आणि मध्यावर, दोऱ्याचे घट्ट वेढे द्या व समोरासमोरील टोके तिरप्या दोऱ्यांनी बांधा. पुन्हा पाट हलवा. तेवढ्याच मातीचे घर आता जास्त वेळ टिकेल. खऱ्या घरात भिंतींवरून चहूकडे फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा हेच काम करतो. तो चार भिंतींना एकमेकींचा हात सोडू देत नाही.

आजचा विचार

२००२ मध्ये देशाचा भूकंपविषयक नकाशा सुधारण्यात आला. त्यात पहिला विभाग काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. भूकंप पुन्हा केव्हा होईल हे दिवस-वेळ सांगून कोणालाही वर्तविता येत नाही. तशी अफवा कोणी पसरवली तर विश्वास ठेवू नका. पण जमीन पुन्हा कधीच हलणार नाही, असेही धरून चालू नका. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ महत्तेचा धक्का बसला आणि तो नांदेड-परभणीतही जाणवला. पुष्कळ लोक घराबाहेर धावले. किल्लारीच्या तुलनेत तो केवढा होता? महत्ता १ ने वाढली की मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. येथे फरक १.७ चा आहे. त्या हिशेबाने किल्लारीच्या भूकंपाची ऊर्जा हिंगोलीच्या साडेतीनशे पट भरते.

जपानमध्ये २००७ पासून प्राथमिक लहर ओळखून सर्व जनतेला सूचना देण्याची व्यवस्था आहे. उगमाजवळचे यंत्र पहिली थरथर ओळखते आणि बिनतारी संदेश लहरींच्या कितीतरी पुढे धावतो. लांबच्या शहरांना त्यामुळे काही सेकंद मिळतात, आगगाड्या थांबवता येतात. पण आपण वर केलेला हिशेब आठवा. उगमाच्या माथ्यावर वसलेल्या गावाला कोणतेही यंत्र एका सेकंदाहून फारसे जास्त देऊ शकत नाही. त्या गावाला वाचवायचे तर काम आधीच करून ठेवावे लागते, घर बांधतानाच.

म्हणून मित्रांनो, हा लेख वाचून झाला की एक काम करा. आज रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळे मिटण्यापूर्वी वर पाहा. तुमच्या डोक्यावर काय आहे? माती, पत्रे की स्लॅब? ते कशावर टेकले आहे? भिंतींवरून सलग पट्टा फिरला आहे काय? उशाशी फळीवर जड पेटी ठेवली आहे काय? छताची लांबी, रुंदी आणि जाडी मोजा, वस्तुमान काढा आणि त्याला दोनाने गुणा. आलेले उत्तर वडिलांना दाखवा. जुन्या माळवदाचे घर असेल तर दर वर्षी नवी माती टाकण्याऐवजी जुनी उतरवता येईल काय, याविषयी जाणकार गवंडी वा अभियंत्याला विचारायला सांगा. आणि कधी गुरगुर ऐकू आली, तर ती कोठून येते हे पाहत बसू नका. पक्के घर असेल तर मजबूत टेबलाखाली शिरून त्याचा पाय धरा. दाराशीच असाल आणि समोर अंगण असेल तर मोकळ्यावर या. मागची लहर वाटेतच असते.

माझी आजी पुढे बरीच वर्षे जगली. तिला मी हे सारे एकदा समजावून सांगितले होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग किल्लारीच्या लेकरांना ते जातं ऐकूच आलं नसल का रे?” मी तेव्हा भागाकार करून उत्तर दिले नाही. आता ते गणित तुम्हांला येते. उत्तरही तुम्हांला ठाऊक आहे.

सोडवून पाहा

१. एका वेधशाळेत प्राथमिक आणि दुय्यम लहरींमध्ये १५ सेकंदांचे अंतर आढळले. भूकंपाचा उगम किती दूर असेल?

२. माळवदावरील मातीचा थर अर्धा मीटरवरून २० सेंटीमीटरवर आणला, तर वरील खोलीच्या भिंतींवर येणारे आडवे बल किती कमी होईल?

३. द्रवाला स्वतःचा आकार नसतो. मग पृथ्वीच्या पोटातील द्रव भागातून दुय्यम लहरी जाऊ शकतील काय? कारण द्या.